अनापत्तीचा कागद

दिनांक १९ एप्रिल २०२५, शनिवार. सकाळी ११ वाजून २० मिनिटं.

नाव मोनाली धम्मपाल सुखदेवे. वय २५ वर्षं. धंदा घरकाम, अन् साड्यायले फॉल-पिको करून देते. शिक्षण सहावी, मराठी शाळा. राहणार बांधा तलावाच्या पचरीवरची गल्ली, खुर्सीपार, भिलाई. माहेर पवनी तालुक्यात, जिल्हा भंडारा.

मी ठाण्यात सोता आली. मले कोणी बोलावलं नाही, कोणी आणलं नाही. हिंदी मले समजते, बाजारापुरती बोलताही येते, पण हे सगळं हिंदीत सांगणं माह्याच्यानं होणार नाही. हवालदार नरहरी भुसारी यायच्या घरी मराठी बोलतात. त्यायनं माह्या बोलीत लिहून घेतलं. हिंदी नक्कल मागून होईल असं सांगतलं. संगं माही पोरगी उन्नती, वय ४, मांडीवर हाये. तिले ठेवाले घरी कोणी नाही, सासू म्हातारी हाये, तिच्याच्यानं पोरगी सांभाळणं होत नाही. अदोगर मी कुठं गेली तं तिले शेजारच्या कांताबाईपाशी ठेवत होती.

समक्ष सांगते ते असं.

आमच्या गल्लीत नळ सकाळी अर्धा घंटा येते. त्यात पिण्याचं पाणी भरून होते. कपडे, गोधड्या, पोट्ट्यायची आंघोळ, हे सगळं बांधा तलावावर. पाण्यात उतराच्या पायऱ्यायले इथं पचरी म्हणतात. पायऱ्या सोळा हायेत. बरसातीत चार दिसतात, उन्हाळ्यात अकरा. तलाव लय शांत होता. पल्याडच्या काठावर कोणी कपडा आपटला तं अदोगर कपडा दिसे, आवाज मागून येई. मी नवीन लग्न होऊन आली तवा हे पाहून मले हासू आलं होतं. कांताबाई बाजूले होती, तिनं विचारलं कावून हासतं. मी सांगतलं. ते म्हणे, "तुले तं मागून तरी येते वं. मले येतच नाही. मले नुसता कपडाच दिसते."

कांताबाई आनंदराव गजभिये, वय अंदाजे ६२. तिची अन् आमची भिंत एकच हाये. नवरा वारला, पोरबाळ नाही. तिले ऐकू येत नव्हतं. डाव्या कानात थोडंसं, तेही तोंडासमोर येऊन मोठ्यानं बोललं तं. मी हळू बोलली का ते म्हणे, "मी काय तुही सासू हावो का, मोठ्यानं बोल ना!"

दिनांक २६ जानेवारी, रविवार, दुपारी साडेबारा वाजता तलावात पहिल्यांदा मशिनी उतरवल्या. दोन पाण्यातल्या फटफट्या अन् एक मोटरबोट. आम्ही दहा-बारा बाया पचरीवर होतो. फटफटी जवळून वळली अन् लाट सातव्या पायरीपर्यंत आली. दोघी जणीचे कपडे गेले, कांताबाईची बाल्टी गेली. आमच्या गल्लीतले मारोतराव, कारखान्यातून रिटायर झालेले, ते धावत खाली आले. त्यायनं चालवणाऱ्याले म्हटलं, "बेटा, यहाँ औरतें कपड़े धोती हैं, बच्चे नहाते हैं." तो म्हणे, "चाचा, विकास आ रहा है." कांताबाईनं मले विचारलं काय म्हणते, मी तिच्या कानात ओरडून सांगतलं. ते तिथूनच त्याले म्हणे, "विकास आन ना बाप्पा, पन जाता-जाता माही बाल्टी आन." सगळ्या बाया हासल्या. त्यानं बाल्टी आणून देली. त्या दिवशी भांडण असं हासण्यावारी गेलं.

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर सगळे बसले. ठरलं का मशिनी नको, वरतं अर्ज द्याचा. गल्लीतले सगळे अर्ज मारोतरावच लिहितात. पण त्यायचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, ते पोराकडे गोंदियाले जाणार होते. म्हणाले, आल्यावर लिहितो. ते २ एप्रिलले आले.

दिनांक ६ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी अंदाजे चार वाजता एक माणूस माह्या दारी आला. त्याचं नाव ओमप्रकाश. बोटिंगच्या ठेकेदाराकडे कामाले हाये हे मले तवा माहीत नव्हतं. गळ्यात कार्ड होतं, मले वाटलं नगर निगमच्या ऑफिसातला हाये. त्यानं विचारलं, "भाभी, पढ़ी-लिखी हो?" मी म्हटलं, सहावी. म्हणे, "बहुत है. तालाब का कागज़ है, अनापत्ति का. मोहल्ले के दस्तखत चाहिए." कागदाच्या वरतं मोठ्या अक्षरात तेच लिहिलं होतं. मी सोता वाचलं. खाली बारीक हिंदी होती, ते मी वाचली नाही.

ओमप्रकाश खोटं बोलला नाही. हे मी ध्यान देऊन लिहाले सांगते. जे होतं तेच तो बोलला. मले उलटं समजलं.

उलटं कसं समजलं ते सांगते. मी चौथीत होती तवा आमच्या गावात वैनगंगेचं पाणी शिरलं होतं. आम्ही शाळेच्या खोलीत सहा दिवस होतो. मग तलाठी आला, त्यानं भिंतीवर यादी चिकटवली. वरतं लिहिलं होतं, आपत्तीग्रस्त. त्यात माह्या बाबाचं नाव होतं. बाबाले वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. गुरुजीनं आमाले सांगतलं का आपत्ती म्हणजे संकट, जसं हे पाणी घरात आलं तसं. तो शब्द मी तवापासून पाठ केलेला हाये. म्हणून मले वाटलं, अनापत्ती म्हणजे आपत्ती येऊ नये, त्याचा कागद. आमाले तेच पाहिजे होतं. मले वाटलं, मारोतराव याच्या अदोगर काम होऊन राहिलं.

मी उन्नतीले कमरेवर घेतलं अन् घरोघरी गेली. दोन दिवस फिरली. बाया विचारत, काय लिहिलं हाये वं? मी सांगत होती, तलावात आपत्ती नको असं लिहिलं हाये. सह्या सदतीस झाल्या. नावासमोर रकाना रिकामा होता, त्यात काय लिहू ते ओमप्रकाशनं सांगतलं नव्हतं. मले वाटलं रिकामा ठेवला तं कागद कच्चा राहीन. म्हणून मी प्रत्येक नावासमोर माह्या हातानं लिहिलं, आपत्ती नको. सदतीस वेळा लिहिलं. ते अक्षर माहंच हाये. मले आज तो कागद दाखवला, मी ओळखला.

एकविसाव्या नंबरवर निळा अंगठा हाये, तो कांताबाईचा. शाईचं पॅड माह्यापाशी नव्हतं. ते अंगणात पांढऱ्या साडीले नीळ देऊन राहिली होती. ते म्हणे, "शाई कायले पाहिजे?" अन् तिनं बाल्टीत अंगठा बुडवला. मी कानात सांगतलं, तलावाचा कागद हाये, आपत्ती नको म्हणून. ते म्हणे, "तू वाचला ना? मंग झालं." उन्नतीनंही अंगठा मागतला, तं कांताबाईनं तिचाही बुडवून तिच्याच फ्रॉकवर उमटवला. ते फ्रॉक घरी हाये, पाहिजे असन तं आणून देते.

दिनांक १६ मार्च, रविवारपासून मशिनी रोजच्या सुरू झाल्या. पचरीवर पाटी लागली, दहा ते पाच घाट बंद. आवाज घरात भांड्यायले लागे. दहाच्या आत आम्ही कपडे उरकत होतो. २० मार्चले आम्ही सहा बाया निगमच्या ऑफिसात गेलो. मी पुढं होती, कावून का कागद मी केला होता. तिथले बाबू म्हणाले, "आप ही लोगों ने तो अनापत्ति दी है." मी म्हटलं, "हाँ साहब, हमने ही दी है, मैंने ही घर-घर जाकर लिखवाई है. फिर भी क्यों चल रहा है?" त्यायनं पेन खाली ठेवला. मग म्हणे, "मैडम, आप पहले तय कर लो." सगळे हासले. आम्ही वापस आलो. रस्त्यात मी बायायले म्हटलं, पाहा, मानतात तरी का आपण कागद देला.

दिनांक ३ एप्रिल, गुरुवार. आमच्या बाजूची उत्कर्षा, नववीत हाये, हिंदी शाळेत. ते माह्याकडे साडी घ्याले आली होती. परीक्षेचं सांगत होती का, उलटे शब्द लिहाचे होते, आपत्तिचा उलटा सहमति लिहिला. मी म्हटलं आपत्तीचा उलटा सहमती कसा होईन, आपत्ती म्हणजे संकट. ते हासली, म्हणे, "काकू, वो मराठी में होगा. हिंदी में आपत्ति मतलब ऐतराज." मी विचारलं अनापत्ती म्हणजे? म्हणे, "मतलब कोई ऐतराज नहीं. करो जो करना है." मी मशीन चालवून राहिली होती. फॉल तिरपा गेला. मी उसवून पुन्हा टाकला. तिले काही सांगतलं नाही.

आज हवालदार सायबानं सांगतलं का मराठीत त्या कागदाले ना-हरकत म्हणतात. ना-हरकत लिहिलं असतं तं मले समजलं असतं.

मारोतराव आदल्या दिवशीच आले होते. त्यायचं घर माह्या घरापासून चवथं हाये. मी गेली नाही. उन्नतीच्या पप्पाले सांगतलं नाही. मले भेव वाटलं का गल्ली म्हणन, ठेकेदाराची फितूर हाये. सदतीस घरं हायेत, कोणाकोणाच्या दारी जाऊन सांगू. रोज वाटे उद्या सांगीन. ३ तारखेपासून १३ तारखेपर्यंत दहा दिवस होतात. हे दहा दिवस मी मोजलेले हायेत, ते जबाबात लिहा.

एकदा मी सांगतलं. ५ एप्रिलले सकाळी पचरीवर मी अन् कांताबाई दोघीच होतो. ते पाण्याकडे तोंड करून कपडे खळबळून राहिली होती, मी तिच्या मागच्या पायरीवर होती. मी सगळं बोलली, कागद उलटा हाये, मीच उलटा करून आणला, आता काय करू. साध्या आवाजात बोलली. तिले ऐकू जाणार नाही हे मले माहीत होतं. तिनं मागं हात केला अन् म्हणे, "साबण दे वं." मी साबण देला.

दिनांक १३ एप्रिल, रविवार. दुसऱ्या दिवशी जयंती होती. पांढऱ्या साड्या धुवाच्या होत्या, तिची एक, माही एक, माह्या सासूची एक. सकाळी साडेसात वाजता मी, कांताबाई अन् उन्नती पचरीवर गेलो. पाणी उतरलं होतं, दहावी पायरी उघडी होती. कांताबाई दहाव्या पायरीवर बसली, पाठ पाण्याकडे, कावून का आठव्या पायरीवर उन्नती बसली होती अन् तिच्यावर तिले नजर ठेवाची होती. गॅसवर डाळ होती म्हणून मी घरी गेली. जाताना मी तिच्या खांद्याले हात लावून खूण केली, पाच मिनिटं. ते म्हणे, "जाय, मी हावो ना." तवा सात वाजून पन्नास मिनिटं झाली असतीन.

पुढचं मी डोळ्यानं पाहिलं नाही. उत्कर्षा वरच्या पायरीवर दात घासत होती, तिनं पाहिलं, तिचा जबाब अलग झाला हाये. ते सांगते का एक फटफटी दहाच्या आतच पाण्यात होती, चालवून पाहाले काढली होती. पचरीपाशी जोरात वळली. कांताबाईनं आवाज ऐकला नाही. तिनं उन्नतीचं तोंड पाहिलं. उन्नती तिच्या पाठीमागं पाहत होती. कांताबाईनं मागं वळून पाहिलंच नाही. उठली, उन्नतीचा दंड धरला अन् तिले वरतं फेकलं. मग लाट आली.

मी आली तवा पाण्यावर पांढऱ्या साड्या पसरल्या होत्या. दोन दिसत होत्या. उन्नती वरतं उभी होती, एका पायात चप्पल होती. रडत नव्हती. तिसरी साडी कांताबाईच्या पायात गुंडाळली होती. पोट्ट्यायनं तिले काढलं तवा डोक्याच्या मागं लागलेलं होतं. दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरनं सांगतलं ते कागदावर हाये, ते मी पुन्हा सांगत नाही.

डाळ जळली होती.

उन्नतीच्या उजव्या दंडावर चार बोटाचे अन् अंगठ्याचे वळ होते. मी रोज पाहत होती. अदोगर लाल होते, मग निळे, मग पिवळे. फोटो काढाचं मले सुचलं नाही. काल पाहिलं तं नव्हते. आज सायबाले दाखवाले बाही वर केली, पण काहीच राहिलं नाही.

जयंतीले आमच्या गल्लीतून मिरवणूक निघाली नाही. त्या दिवशी दुपारी माणसं पचरीवर बसली होती, मशिनी हटवा म्हणत. ठेकेदाराच्या माणसायनं तोच कागद आणून दाखवला, म्हणाले, मोहल्ल्यानं सोता लिहून देलं. मारोतरावनं एका डोळ्यावर पट्टी होती तरी कागद हातात घेऊन वाचला. मी समोरच होती. ते म्हणाले, "हे कोणाचं अक्षर हाये?" मी बोलली नाही. उत्कर्षानं माह्याकडे पाहिलं. मग माणसायनं मशिनीचे दोर कापले अन् मशिनी ओढून चिखलात आणल्या. त्याच्या केसमध्ये पाच नावं हायेत, त्यात माह्या घरचे धम्मपाल सुखदेवे यायचं नाव तिसरं हाये. ते कारखान्यात ठेक्यावर हायेत. केस असली तं गेटपास होत नाही.

दिनांक १७ एप्रिल, गुरुवार, सकाळी दहा वाजता ओमप्रकाश पुन्हा माह्या दारी आला. त्यानं दम देला नाही. चप्पल बाहेर काढून ओट्यावर बसला. म्हणे, "भाभी, बाई के जाने का हमको भी दुख है. पर घाट पर बैठना तो उनकी गलती थी." मी म्हटलं, पाटीवर दहा लिहिलं हाये, आठही वाजले नव्हते. तो म्हणे, "आप बस इतना बोल दो, कागज़ पढ़-समझकर भरा था. भैया का नाम मैं निकलवा दूँगा." मी म्हटलं, समजून नाही भरला. तो म्हणे, "सैंतीस बार लिखा है भाभी. कौन मानेगा?" मग उन्नतीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "आपकी बच्ची तो बच गई ना. अब पति का सोचो." अन् गेला.

मी दोन दिवस पतीचंच सोचलं. मी खोटं बोलली तं ते सुटतीन, गेटपास होईन, गल्लीले कधीच समजणार नाही. खरं बोलली तं त्यायले आज घरी गेल्यावर समजन अन् गल्लीले संध्याकाळपर्यंत समजन. माहं पुढं काय होईन मले माहीत नाही. मले भेव वाटते, हे खरं हाये. पण त्या कागदावर कांताबाईचा अंगठा हाये. मी खोटं बोलली तं तिनंही समजूनच लावला असं होते. म्हणजे तिनंच सांगतलं, या, चालवा. तसं तिनं सांगतलं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं होतं, तू वाचला ना.

म्हणून मी सांगते का सदतीस जणायपैकी कोणीही मशिनीले हो म्हटलं नव्हतं. कोणालेच नको होत्या. चूक एकटीची हाये. एका शब्दाची हाये अन् मग दहा दिवस चूप राहिली त्याची हाये. तो कागद रद्द व्हावा, मशिनी बंद व्हाव्या अन् जो फटफटी चालवत होता त्याची चौकशी व्हावी. दुसऱ्या कोणाचं नाव मले घ्याचं नाही. यासाठी मले कोणी शिकवलं नाही, कोणी भेव दाखवून आणलं नाही. भेव दाखवलं असतं तं मी आलीच नसती.

जबाब हवालदार सायबानं मोठ्यानं वाचून दाखवला. मी म्हटलं, कागद माह्या हातात द्या. मग मी बोट ठेवून सोता वाचला. 'समक्ष' अन् 'चौकशी' या शब्दायचा अर्थ विचारला, सायबानं सांगतला. एक घंटा लागला. उन्नती झोपून गेली. मी सांगतलं तसंच लिहिलं हाये, जास्त नाही, कमी नाही.

सगळ्यात खाली सायबानं आपल्या सवयीनं एक ओळ लिहिली होती, 'यात जबाब देणारीस कोणतीही आपत्ती नाही.' ते म्हणाले, इथं सगळ्या जबाबायच्या खाली असंच लिहितात, त्यानं काही होत नाही.

मी म्हटलं, होते. काटा ते. आपत्ती हाये.

ओळ काटली. काटलेल्या ओळीच्या बाजूले माही अलग सही घेतली.

सही : मोनाली धम्मपाल सुखदेवे

माझ्यासमोर : नरहरी भुसारी, हवालदार